उन्हात ठेवलेलं कडू पाणी

इंदिराबाईनं बाजरीच्या उंड्यांची पाटी कोपीपुढं टेकवली, पदरानं तोंड पुसलं, आणि सगळ्यांदेखत पहिलं नाव घेतलं ते हेमावतीचं.

"हेमे, तुझ्या पान्यानं माझी तूर वाचली गं बाई. परवाच्या सांजंला मारलं, आज बघते तर अळ्या वाळून दोऱ्यावानी लोंबायल्यात. हात सोन्याचा हाय तुझा."

कोंडाबाई तेव्हा कोपीत वाकून पाच पांडवांना चुना लावत होती. येळवशीचा, वेळ अमावास्येचा दिवस. कडब्याची कोप, आत पाच दगड मांडलेले, त्यांच्यापुढं शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, खीर, आंबिलीनं भरलेली मातीची बिंदगी. चौथ्या पांडवावर तिची चुन्याची बोटं थबकली. सोन्याचा हात! ह्या शिवारात निंबोळीच्या कडू पाण्याचा हात कुणाचा, हे चिटगुप्प्याच्या बाजारापर्यंत कुणालाही विचारावं. तीस वर्षं झाली, हरभऱ्यावर घाटेअळी आली की लोक घागर घेऊन कोंडाबाईच्या दारात उभे राहायचे. आणि ही तिची धाकटी जाऊ, बांधाला बांध लागून शेत असलेली, आज दोन वर्षांपूर्वी आलेल्या पोरीला, कोंडाबाईच्याच धाकट्या सुनेला, सोन्याचा हात म्हणत होती. तेही पांडवांच्या साक्षीनं.

"हौद्री, धाकट्या अत्ती," हेमावती हसून म्हणाली. चिंचोळीकडची पोर, माहेरी कानडी बोलणारी, सासवांना अत्ती म्हणणारी. मराठी बोलली तरी तिचा 'री' काही सुटत नव्हता. मग आवाज थोडा उतरवून म्हणाली, "पंप तेवढा सांजंला पाठवा. इसरू नका."

आवाज उतरवला म्हणून कोंडाबाईनं कान टवकारले. मोठ्यानं बोलली असती तर एवढं ऐकू आलं नसतं.

पंप पाठवा. म्हणजे पाठीवरचा फवारायचा पंप, इंदिराबाईनं हुमनाबादहून आणवलेला. म्हणजे तो इथं भरून आज पुन्हा हिचं पाणी तिच्या रानात जाणार. परवा गेलं ते गेलं, आज सणादिवशीही जाणार. आणि घरच्या तुरीत अळी पडलीय, त्याचं काय?

तुरीत अळी पडली होती, हे खरं. खालच्या पट्टीत, वढ्याच्या अंगाला, शेंग नुकती भरायला लागलेली आणि शेंगेमागं एक हिरवं तोंड. हीच पट्टी वर्षाचं खाणं घालत होती. वरचं रान मुरमाड, तिथं करडईच जेमतेम. चार दिवसांपूर्वी कोंडाबाईनं स्वतःच्या हातानं कडू पाणी करून, कडूलिंबाच्या डहाळीनं ते तिथं शिंपडलं होतं. अळीनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कोंडाबाईनं कुणाला ते सांगितलं नाही आणि कुणी तिला विचारलं नाही. न विचारण्यानं तर जास्त लागलं.

पाणी न लागण्याचं कारण तिला ठाऊक होतं. निंबोळी जुनी होती, दोन पावसाळे पाहिलेली. ह्या आषाढात ती तापानं पडली, तेव्हा विहिरीवरच्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडला होता आणि तो वेचला हेमावतीनं. वेचला, सावलीत वाळवला, कापडी पिशवीत भरला आणि सगळं असं रीतीप्रमाणे केलं, की चूक काढायलाही जागा ठेवली नाही. कोंडाबाईनं अंथरुणातून विचारलं होतं, "उन्हात वाळवलीस का?" पोर म्हणाली, "न्हाई अत्ती, उन्हात गुन जातो न्हवं." कुणी शिकवलं हिला? ते विचारायचं मात्र कोंडाबाईनं टाळलं.

"आत्याबाई, चुना वाळायलाय," थोरली सून शोभा मागून म्हणाली.

"वाळू दे. पांडव कुटं पळून जायलेत का?"

शोभानं चुन्याची वाटी पुढं सरकवली. चौदा वर्षं ती अशीच गप्प बसत आली होती.

---

कडब्याच्या गंजीमागं सावलीला तीन डेरे होते. त्यांवर ओलं पोतं, तोंडावर मातीची झाकणं. कोंडाबाई लाकूड आणायच्या निमित्तानं तिकडं गेली आणि पोतं उचललं. वासावरूनच कळलं. ताजी निंबोळी, कुटून फडक्यात बांधून रातभर भिजवलेली; त्यात लसणाचा ठसका. तिनं करंगळी बुडवून जिभेला लावली. कडू. इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं. पाणी कडूपणानंच आलं असं तिनं ठरवून टाकलं.

तिच्या हातचं पाणी असंच कडू असायचं. म्हातारा माणिकराव, तिचा नवरा, तरुणपणी म्हणायचा, "तुझ्या जिभंची धार उतरली हुईल त्यात, म्हनून अळी मरती." तेव्हा ती लटकी रागवायची. आता कुणी असं म्हणेना.

कोपीकडून हसण्याचा आवाज आला. इंदिराबाई आणि हेमावती. एकीचं हसू संपलं की दुसरीचं सुरू.

कोंडाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. मग पहिला डेरा दोन्ही हातांनी धरून सरकवला. गुडघे कुरकुरले. वीतभर, हातभर, दोन हात. सावली संपली, ऊन सुरू झालं. दुसरा. तिसरा. झाकणं काढून बाजूला उलटी ठेवली, पोतं काट्यावर टाकलं.

निंबोळीच्या पाण्याला ऊन लागलं की ते मेलं. वरून कडू राहतं, वासही राहतो, पण अळीला ते आंघोळीच्या पाण्यासारखं. म्हणून तर फवारायचं दिवस कलल्यावर. हे ज्याला ठाऊक, त्यालाच पाणी मारताही येतं.

"घे," ती पुटपुटली, "मार आता जावंच्या तुरीला. बघू सोनं."

वळली तर गंजीच्या टोकाला शोभा उभी होती. हातात लाकडाची मोळी.

शोभानं मोळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"लाकडं आनलाव," शोभा म्हणाली.

"मंग उबी कामून? चुलीकडं ने."

शोभा गेली. तिनं डेऱ्यांकडं पाहिलं होतं की नव्हतं, हे कोंडाबाईला तिच्या पाठीवरून कळेना.

---

जेवणं रंगात आली. केळीच्या पानाऐवजी पळसाच्या पत्रावळी, त्यावर भज्जीचा डोंगर, तिळाची भाकरी, उंडे. कोंडाबाईनं हेमावतीला वाढायला लावलं ते सोडलंच नाही. "आंबील वाढ. मामाजीला वाढ. मडिवाळप्पा आलेत वाटंनं, त्यांना हाक मार, वाढ." पोरीला गंजीमागं जायला सवडच मिळू नये.

माणिकराव पानावर बसून म्हणाला, "अगं, सुनंला एक घास तर खाऊ दे. यळवस तिचीबी हाय."

"तुमाला काय, बसून खायला कुनीबी चालतंय."

"तू वाढलीस की भीती वाटती, म्हनून म्हनायलोय."

सगळे हसले. कोंडाबाईही हसली, नवऱ्याच्या थट्टेवर न हसणं म्हणजे लोकांना आतलं दाखवणं.

इंदिराबाईनं उंडा कुस्करता कुस्करता सहज विचारलं. सहजच, असं कोंडाबाईला नंतरही वाटत राहिलं.

"हेमे, पर मला एक सांग. तुजं पानी पानाला धरून कसं राहतंय? मी मागं केल्तं, तर हरभऱ्यावरून मोत्यावानी घरंगळून खाली."

"अंटवाळ घालायचं की," हेमावती म्हणाली. "तुमी रिठा म्हनता त्याला. डेऱ्याला पाच रिठे फोडून, भिजवून, फेस काढून घालायचा. त्याबिगर पानी चिकटत न्हाई. आमच्या चिंचोळीकडं तर लहान पोरीलाबी ठाव हाय री."

लहान पोरीलाबी.

कोंडाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. रिठा. तीस वर्षं जे तिनं पेटीत कुलपाखाली ठेवलं, कुणी घागर घेऊन आलं की माजघराचं दार लोटून जे पाण्यात कालवलं, त्याला चिंचोळीकडं कुलूपही नव्हतं. लहान पोरी चघळत होत्या ते.

इंदिराबाईचा हात थांबला होता. "रिठा," ती हळू म्हणाली. मग मान वळवून, "अक्का, मला तुमी रिठ्याचं कायबी बोलला न्हाईत."

"कवा?"

"कवा म्हंजे? दुस्काळ सरल्यावर. पहिला हरभरा आल्ता तवा. मी तुमच्या दारात आल्ते, निंबोळी सांगितलात, लसूण सांगितलात, रातभर भिजव म्हनलात. समदं तसंच केलाव. अन् हरभरा खाऊन गेली अळी, काडी राहिली काडी. माझ्या सोजराचं लगीन त्याच वर्साला मोडलं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अकरा वर्सं मी म्हनायले, माझ्याच हाताला गुन न्हाई."

पत्रावळींवरचे हात थांबले. 

कोंडाबाईला ते दुपारचं सारं आठवत होतं. दुष्काळात दगड फोडून काळी पडलेली इंदिरा दारात उभी. आणि तिच्या कडेवर सोजराच्या पाठीवर उशिरा झालेला मुलगा. नवसाचा, गोरा, गुटगुटीत. सासूबाईंनी त्याच्या गळ्यात चांदीची साखळी घातली होती. कोंडाबाईच्या धाकट्या व्यंकटला त्याच्या वेळी काळा दोरा. एवढंच. त्या साखळीकडं बघत बघत तिनं निंबोळी सांगितली, लसूण सांगितला, आणि रिठ्यापाशी जीभ आपोआप थांबली.

"सांगितल्ते मी," ती म्हणाली. "तूच इसरलीस. दगडं फोडून डोकं ठिकान्यावर हुतं का तुजं?"

"अक्का, पांडवापुढं बसलाव आपन."

"मंग? पांडवाला काय भ्यायचं, चुना मीच लावलाय त्यांना. इचार शोभाला. ती तवा आल्ती लगीन हून, तिथंच जात्यावर हुती."

बोलून गेल्यावर कोंडाबाईला कळलं, आपण कुणाच्या हातात काय दिलं ते. शोभा खरंच तिथं जात्यावर होती. तिनं सारं ऐकलं होतं. आणि सकाळी गंजीमागं सारं पाहिलं होतं.

शोभानं आंबिलीचा तांब्या खाली ठेवला. एकदा हेमावतीकडं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या ह्या पोरीचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी होतं आणि चौदा वर्षांत तिचं एकदाही कुणी घेतलं नव्हतं, ते त्या नजरेत होतं.

"सांगितल्या हुत्या आत्याबाई," शोभा म्हणाली. "मी आइकलाव. पाच रिठे म्हनल्या."

इंदिराबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग पुढची पत्रावळ उचलून तीत उरलेला उंडा गुंडाळला. "मंग माझीच चूक," म्हणाली, आणि आपल्या बांधाकडं निघून गेली.

---

दिवस कलला तशी कोंडाबाई गंजीमागं जाऊन डेऱ्यांवर झाकणं घालून आली, ते सावलीत ढकलले, पोतं पसरलं. काम चोख.

मग माणिकरावानं बिंदगीतली आंबील तांब्यात घेतली आणि पळसाच्या पानानं पिकावर शिंपडत तो शेताला फेरी घालून आला. "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा पुकारा करताना दम लागत होता, तरी तांब्या व्यंकटच्या हातात देईना. पिकानं पोटुशी भुई तृप्त झाली. गाडी जुंपली; व्यंकट आणि हेमावती आवरून मागून येतो म्हणाली. अर्ध्या वाटेवर शोभा म्हणाली, "बिंदगी कोपीतच राहिली, आत्याबाई."

"तुजं ध्यान कुटं असतंय?" कोंडाबाई गाडीतून उतरली. सणाची बिंदगी दुसऱ्यानं आणायची नाही, हा तिचाच नेम. शोभा मागोमाग उतरली.

त्या परत आल्या तेव्हा सूर्य टेकला होता. कोपीत कुणी नव्हतं. खाली वढ्याच्या अंगाला मात्र तिघं होती. व्यंकटच्या पाठीवर पंप, हेमावती फडक्यातून डेऱ्यातलं पाणी गाळून त्यात ओततेय, आणि बाजूला पदर खोचून, तोंड फिरवून इंदिराबाई. पंप तिचा, कबूल केल्याप्रमाणे आणून दिलेला; परत न्यायला थांबलेली.

आणि तिघं उभी होती ती इंदिराबाईच्या रानात नव्हे. कोंडाबाईच्या खालच्या पट्टीत.

"काय चाललंय?" कोंडाबाईचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "यळवशीला भुईला कडू पाजायलाव का रे?"

व्यंकट दचकला. "दिवस बुडाला की माय. यळवस सरली."

"घरी का न्हाई आलाव? लपून कामून?"

व्यंकटनं बायकोकडं पाहिलं. हेमावतीनं खाली. अखेर तोच म्हणाला, "तुमचं पानी लागू झालं न्हाई ह्या बारीला. तुमाला सांगायला जीव धजला न्हाई. म्हनलं, तुमी घरी गेल्यावर मारावं. अळी मेली की दोन-चार दिवसानं तुमाला रानात आनून दाखवावं, माय, तुमचंच पानी लागू झालं बघा, उशिरा का हुईना." तो ओशाळून हसला. "ही हेमाचीच अक्कल. ती म्हनली, अत्तीचं नाव जाऊ नये."

 कोंडाबाईनं तुरीची एक फांदी धरली. फांदीवर, तिच्या अंगठ्याजवळच, एक अळी शेंगेत डोकं घालून निवांत खात होती. पोरीनं सासूचं नाव राखायला पाणी केलं होतं. आणि ते पाणी सासूनं मारलं होतं. स्वतःच्याच तुरीचं.

त्या क्षणीही, देवा, त्या क्षणीही तिला पोरीचा रागच आला. चांगुलपणातसुद्धा हिनंच पुढं जावं?

व्यंकटनं नळी उचलली. आता गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. दोन दिवसांनी अळी तशीच दिसेल, हेमावतीचा सोन्याचा हात पितळेचा ठरेल. लोक पुन्हा घागरी घेऊन येतील. फक्त तूर जाईल.

तिनं मागं पाहिलं. शोभा उभी होती. ह्या वेळी ती काही म्हणणार नव्हती, हो किंवा नाही.

"मारू नगंस," कोंडाबाई म्हणाली. "मेलंय ते पानी."

"आं?"

"सकाळधरनं उन्हात हुतं. मी ठिवलं. मला वाटलं हिच्या रानात जायलंय." तिनं इंदिराबाईकडं हनुवटी केली.

 हेमावतीनं डेऱ्यातल्या पाण्यात बोट घातलं, वास घेतला आणि खरं खोटं वासावरून कळत नाही हे तिलाही ठाऊक असल्यामुळं तशीच बसून राहिली.

इंदिराबाई हळूहळू चालत आली. जवळ, अगदी जवळ. "अन् त्या वर्सीचं, अक्का?"

पांडव आता मागं कोपीत होते. इथं नुसती तूर होती. "त्या वर्सीचंबी," कोंडाबाई म्हणाली. "रिठा सांगितला न्हाई मी तुला."

"कामून?"

चांदीची साखळी सांगावी का? अकरा वर्षांनी ती किती हलकी वाटली असती, कुणाच्याही हातावर. "जळले मी," ती म्हणाली. "आनिक काय."

 इंदिराबाईनं व्यंकटच्या पाठीवरून पंप उतरवून घेतला, त्यातलं पाणी बांधावर ओतून टाकलं आणि पट्टा आपल्या खांद्याला अडकवला. दहा पावलं गेल्यावर थांबली.

"हेमे, आज रातीला निंबोळी भिजव. उद्या सांजंला पंप घेऊन मीच यीन. नळीबी मीच धरीन." मग कोंडाबाईकडं न बघता, "ह्यांच्या हातात काय देऊ नगंस."

ती गेली. हेमावती आणि व्यंकट डेऱ्यांतलं पाणी ओतून, ते उचलून गाडीवाटेला लागले; जाताना पोरगी काही बोलली नाही, आणि तिनं काही बोलावं असं कोंडाबाईला पहिल्यांदाच वाटलं.

कोंडाबाईनं कोपीतून बिंदगी काढली, चुंबळीवर ठेवली. शोभा तिथंच.

"मी खोटं बोलले," शोभा म्हणाली. "पांडवापुढं. आन् तुमी खरं बोलून मोकळ्या झालाव. मी कुनासाठी बोलले ते?"

 कोंडाबाईनं कनवटीची किल्ली चाचपली, ओढून काढली. तीस वर्षांत पेटीची किल्ली कुणाच्या हातात गेली नव्हती.

"हे घे. पेटीत डाव्या अंगाला पुरचुंडी हाय. उद्या सकाळी रिठे फोडायला बस. कसे भिजवायचे, फेस किती काढायचा, दाखवते."

शोभानं किल्ली घेतली नाही.

"पाच रिठे," ती म्हणाली. "कोमट पानी. टरफल घ्यायचं, बी फेकायचं. फेस हातानं काढायचा, काठीनं न्हाई. पानात बुडवून बघायचं, थेंब पसरला की झालं. दाराच्या फटीतनं चौदा वर्सं बघायलेय मी, आत्याबाई."

"मंग केलीस कामून न्हाई गं कवा? नाव तुजं झालं असतं."

अंधारात तुरीच्या शेंगा एकमेकींना घासून खुळखुळत होत्या. आतून कोणती भरलेली आणि कोणती खाल्लेली, आवाजावरून कळत नव्हतं.

"तुमी सांगायची वाट बघायल्ते," शोभा म्हणाली. तिनं सासूच्या डोक्यावरची बिंदगी उतरवून आपल्या डोक्यावर घेतली, आणि पुढं चालू लागली.